दुसरं छप्पर

येरमाळा, १२ जानेवारी

सोनी,

पत्राच्या वरती 'चि. सौ.' आणि 'अनेक उत्तम आशीर्वाद' लिहायची पद्धत आहे. ते तू मनातल्या मनात वाचून घे. माझ्याच्यानं आत्ता लिहवत नाही.

फोन केला असता, पण माझा नंबर तू ब्लॉक करून ठेवला आहेस. ह्यांच्या फोनवरून लावला तर 'दाजी, बरे आहात ना' एवढं विचारतेस आणि माझा आवाज ऐकला की ठेवतेस. म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. तिथल्या माणसानं विचारलं, चाकणला कोण असतं. म्हटलं, धाकटी जाऊ. मग म्हटलं, सख्खी बहीणही तीच. तो हसला. दोन बहिणी दोन भावांना एकाच मांडवात दिल्या याचं लोकांना अजून कौतुक वाटतं.

शांभवीच्या वाढदिवसाला मी जे बोलले ते परत घेत नाही. तुझ्या पोरीच्या छातीत माझ्या पोराच्या वाटणीचा श्वास आहे, असं मी म्हटलं. चार माणसांत म्हटलं, एवढीच चूक. तुझी पोर फुगे फोडत घरभर पळत होती. माझा मल्हार एक फुगा फुगवता फुगवता खोकून निळा पडला. आणि तू ताटं वाढता वाढता हसून म्हणालीस, 'अक्का, त्याला जरा बाहेरचं खाऊ देत जा, अंगी लागेल.' मग माझ्या तोंडून ते निघालं. तुला लागलं असेल. मलाही तुझं लागलं होतं, पण मी काही तुझा नंबर बंद केला नाही.

असो. कामाचं लिहिते. मला दिवस गेलेत. तिसरा चालू आहे. आईला सांगितलं तर ती म्हणाली, 'आगं बया, सोनीलाबी.' म्हणजे माझी बातमी तिच्या कानात नीट शिरायच्या आतच तुझी तिथं जाऊन बसली होती. तुझे दिवस माझ्या मागं महिनाभर आहेत म्हणे. म्हणजे पुन्हा आपल्या दोघींचा उन्हाळा एकदमच.

मागच्या वेळचं तुला वेगळं आठवतं, मला वेगळं. माझं लिहिते.

एकाच मांडवात लग्न, एकाच वर्षी पोट. आत्याबाईंनी आईला फोन केला, 'विहीणबाई, एका छपराखाली दोन पोटुशा बऱ्या न्हायत. एकीचं दुसरीला बाधतंय. एक लेक घिऊन जावा.' आई शंकरप्पाकाकांची जीप करून अणदूरहून आली, ओट्यावर बसून पाणी प्याली आणि म्हणाली, 'सोनीला नेते. तिचं दिस म्होरं हायत.' ते खरंच होतं. पण आई जीपमधून उतरली तीच तुझ्या नावानं. मला पिशवीवरून कळलं. पिशवीत लसूण घातलेले धपाटे होते. त्या दिवसांत मला लसणाच्या वासानं उलटी व्हायची, हे मी तिला फोनवर तीनदा सांगितलं होतं. जाताना म्हणाली, 'राजी, तुझं मग बगू.' मग तू बाळंत झालीस, आणि बाळंतीण न् पोटुशीही एका छपराखाली चालत नाही म्हणून माझं ते मग कधी आलंच नाही.

तू गेलीस आणि पुढच्याच आठवड्यात वस्तीमागच्या डोंगराला वणवा लागला. कुणी बांध पेटवला होता की नवं गवत फुटावं म्हणून डोंगर लावला होता, ते शेवटपर्यंत कळलं नाही. वारा वस्तीच्या दिशेनं. भर दुपारी सूर्य तांबडा दिसायचा. माळवदावर कुरडया घातल्या होत्या, त्या राखेनं काळ्या पडल्या. बाप्ये निरगुडीच्या फांद्या घेऊन आग झोडपायला वर गेले, त्यात हेही. दुपारून कुणीतरी खाली सांगत आलं की एक जण भाजला. कोण ते त्याला माहीत नव्हतं. मी पाचव्या महिन्याची, कडब्याच्या गंजीवर घागरी ओतत होते, म्हशी सोडून सडकेकडं हाकलत होते, आणि डोक्यात एकच, भाजला तो कोण. तो पलीकडच्या वस्तीवरचा निघाला. मला ते संध्याकाळी कळलं. पोटातल्याला ते कुणी सांगितलं नाही.

वणवा विझला तरी खोडं धुमसत राहिली. आठ-दहा दिवस घरात, अंथरुणात, भाकरीत धूर. आत्याबाईंनी ओला पदर नाकाला बांधायला सांगितला. मी बांधला. मल्हार दिवस भरायच्या आधीच झाला, काचेच्या पेटीत ठेवावा लागला. त्याचं नाव मल्हार का ठेवलं, सांगू? मला अणदूर मिळालं नाही, निदान अणदूरच्या खंडोबाचं नाव तरी मिळावं म्हणून. तुला वाटत होतं ह्यांनी ठेवलं.

परवा त्याला कळंबला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. थंडी लागली की त्याला वाफेचं मशीन लागतं, तोंडानं ओढायचा पंप तर रोजचाच. त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, हा पोटात असताना घरात धूर होता का. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, 'एका मुलाबद्दल ठामपणे कुणालाच सांगता येणार नाही. धूर नसतानाही मुलं अशी होतात. पण गरोदर बाईच्या श्वासात असा धूर जात राहिला, वर भीती, धावपळ, झोप नाही, तर मूल लहान जन्मतं, छाती नाजूक राहते, असं जास्त वेळा दिसतं.' मग माझ्या पोटाकडं बघून म्हणाल्या, 'या उन्हाळ्यात डोंगराखाली राहू नका.'

यंदा पाऊस लई झाला. डोंगरावर गवत कमरेइतकं आहे आणि वाळायला लागलंय.

तर या वेळी अणदूर माझं. तू चाकणला राहा, नाहीतर येरमाळ्याला ये. पण अणदूर माझं.

अक्का

येरमाळा, ५ फेब्रुवारी

सोनी,

तुझं पत्र मिळालं. एवढं सुंदर अक्षर आणि एवढाच मजकूर: 'अक्का, आईला विचार. मी काय सांगणार? शांभवी मल्हारची आठवण काढते.' शाळेत बाईंनी तुझी वही वर्गभर फिरवली होती, त्याच अक्षरात. माझ्या अक्षराला बाई कोंबडीचे पाय म्हणायच्या.

आईला विचारायचं असतं तर तुला कशाला लिहिलं असतं? तिचं उत्तर मला माहीत होतं, तुलाही माहीत होतं, म्हणूनच तू अंग काढून घेतलंस. तरी विचारलं. म्हणाली, 'राजी, सोनीला तिकडं कोन हाय? चार मजले चढायचे, नवरा रणधीर शिफ्टला, पोरगी बारकी. तू तर घरात हायस. सासू हाय, नवरा हाय.' म्हणजे मी घरात आहे हेच माझं चुकलं. मी म्हटलं, आई, दोघींनाही ने. तर म्हणाली, 'एका छपराखाली? यड लागलं का तुला?'

अणदूरच्या यात्रेत आप्पांच्या खांद्यावर तू असायचीस आणि मी त्यांचं धोतर धरून खाली गर्दीत. घरी येऊन तू पालखी कशी होती, भंडारा कसा उधळला, ते सगळ्यांना सांगायचीस. मला फक्त चपला दिसलेल्या असायच्या. आई म्हणायची, 'सोनी बारकी हाय, तिला दिसत न्हाय.' आप्पा गेले, तू दोन लेकरांची आई व्हायला आलीस, तरी तू बारकीच.

तू तुझ्या स्टेटसला शांभवीचे व्हिडिओ टाकतेस, ते मी ह्यांच्या फोनवर बघते. कालचा बागेतला घसरगुंडीचा आवाज बंद करून चारदा पाहिला. चढते, घसरते, पुन्हा पळत येऊन चढते. मी तिच्या गळ्याखालच्या खळगीकडं बघत होते, श्वास लागला की तिथं आत ओढलं जातं. मल्हारचं जातं. तिचं नाही गेलं. असं कुणी भाचीकडं बघत नाही, मला कळतं. पण मी बघते.

डॉक्टरीणबाईंकडं माझी तपासणी झाली. बीपी वाढलंय. म्हणाल्या, 'झोप होते का? घरात कसली काळजी आहे का?' म्हटलं, 'बहीण आहे.' त्यांना वाटलं तू आजारी आहेस. मी तसंच वाटू दिलं. मग त्यांनी समजावलं की नुसता धूरच नाही, आईच्या मनाचा ताणही बाळापर्यंत जातो, कुणाशी वाकडं असेल तर मिटवून टाका. म्हणजे मी तुझ्यावर चरफडते त्याचाही हिशोब पोटातल्याच्याच नावावर लागणार. तुझ्यावर रागावायची सोयसुद्धा मला ठेवली नाही.

डोंगराच्या बाजूनं गवत कापून पट्टा मोकळा करायचा, असं वस्तीवर बैठकीत ठरलंय. चहा झाला, ठरलं, उठले. पट्टा अजून तसाच आहे.

मला पुन्हा पत्र पाठवायचं तर सरळ हो किंवा नाही लिही.

अक्का

अणदूर, १० मार्च

सोनी,

मी इथं येऊन आठवडा झाला. लिहायला उशीर केला, कारण काय लिहावं ते समजत नव्हतं.

तू 'हो' लिहिशील असं मला वाटलंच नव्हतं. 'अक्का, अणदूरला तू जा. मी आईला सांगितलं आहे. मी शांभवीला घेऊन येरमाळ्याला जाते, आत्याबाई आहेत.' ना राग, ना टोमणा. भांडून घेतलं असतं तर ते माझं झालं असतं. तू आपणहून दिलंस, म्हणजे इथंही मोठेपणा तुझाच. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, 'धाकटीनं थोरलीसाठी जागा सोडली बगा. असं कोन करतंय आजकाल?' मी आतल्या खोलीत हरभऱ्याची भाजी निवडत ऐकते.

इथं हवा चांगली आहे. मल्हार अंगणात लिंबाखाली खेळतो. खोकला गेला नाही. चूल पेटली की इथंही खोकतो, म्हणून मी आईला गॅसवरच भाकरी करायला लावते आणि ती गॅसवरच्या भाकरीला चव नाही म्हणून दिवसभर बोलते. पण आठ दिवसांत मशीन एकदाच लागलं.

मला वाटलं होतं, एकदा अणदूरला आले की आई माझी होईल. आई जेवायला वाढते आणि म्हणते, 'सोनीला ही शेंगाची चटणी लई आवडती.' माझ्या पायांना तेल लावते आणि म्हणते, 'सोनीच्या पायाला सूज आली आसंल का आता?' तिचे हात माझ्या पायांवर आहेत आणि ती चोळते तुझे पाय. परवा म्हणाली, 'त्या वर्साला हितं सोनी नीट जेवली न्हाय बग. ताट सारून द्यायची.' मी म्हटलं, लाडाची होती म्हणून. आई तेलाच्या बाटलीचं झाकण लावून उठली.

तिकडं आत्याबाई फोनवर तुझं कौतुक करून थकत नाहीत. 'सोनालीनं समदं घर चुन्यानं सारवल्यावानी लख्ख केलंय. फळीवरची डबडी उतरून घासली.' ती माझी फळी आहे. त्या डब्यांचा क्रम मी सात वर्षांत लावला आहे. पुढं तुझ्या हातची भाकरी कशी पातळ, तेही ऐकलं. मल्हारची बाज तू शांभवीला दिलीस का? दिली असशील तर असू दे. पण त्याची गोधडी देऊ नको, ती मी पेटीत ठेवली होती.

आपण दोघींनी घरं बदलली आणि दोन्हीकडं चलती तुझीच. हे कसं करतेस ते एकदा मला शिकव.

डोंगराचा पट्टा कापला का ते ह्यांना विचारून कळव. ह्यांना मी विचारलं की 'व्हय व्हय' म्हणतात, त्यावरून काही समजत नाही.

अक्का

अणदूर, ६ एप्रिल, दुपार

सोनी,

हे पत्र पोस्टात टाकून काही उपयोग नाही, तरी लिहिते. हात रिकामे ठेवले तर मी काहीतरी फोडीन.

मघाशी ह्यांचा फोन आला. सकाळी डोंगर पेटला. म्हणाले, 'राजू, घाबरू नगो, अजून वर हाय, पर वारं आपल्याकडंच हाय.' मागून खोकल्याचा आवाज येत होता. मी विचारलं, कोण खोकतंय. म्हणाले, 'सोनाली.' मग म्हणाले, 'शांभवीबी.'

त्यानंतर माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते लिहून टाकते. माझ्या मनात आलं, आता तुला कळेल. घागरी कशा ओततात ते कळेल, राख भाकरीत कशी लागते ते कळेल, आणि मग तुझ्या पोटातल्यालाही काचेच्या पेटीत ठेवलं की तू कुणाला 'बाहेरचं खाऊ देत जा' म्हणणार नाहीस. हे सगळं माझ्या मनात आलं, आणि क्षणभर बरंही वाटलं. तेवढ्यात मल्हार पंप घेऊन माझ्यापुढं उभा राहिला. त्याला माझा चेहरा बघून वाटलं मला श्वास लागलाय. माझ्या तोंडाला पंप लावून म्हणतो, 'आई, ओढ.'

सोनी, मला तुझ्या पोरीच्या व्हिडिओत तो खळगा बघायचा नाही. मला कधीच बघायचा नव्हता. मी शोधत होते ते तिला नाही ना, यासाठीसुद्धा शोधत होते. हे आत्ता लिहिताना समजतंय, आणि तू विश्वास ठेवणार नाहीस.

ह्यांना पुन्हा फोन लावला. म्हटलं, तिला आत्ताच्या आत्ता गाडीत घालून इकडं पाठवा. म्हणाले, कळंबला कुठं खोली मिळते का बघतोय, पण देवीची यात्रा आठवड्यावर आली, खोल्या कुठल्या. अणदूरचं तुला सांगितलं तर तू मान हलवलीस म्हणे. म्हणालीस, 'मागल्या येळी अक्का हितंच होती. आता माजी पाळी हाय. आन् तिकडं एका छपराखाली दोगी नकोत, अक्काच्या लेकराला बादलं मंजी?'

पाळी कसली, सोनी? रेशनची रांग आहे का ही?

आईला सांगितलं. ती रडायला लागली, पण म्हणते तेच. 'दोगी एका छपराखाली नगो गं. काय वाईट झालं तर कुनाला तोंड दावू?' वाईट तिकडं होतंय, म्हटलं, ते कुठल्या छपराखाली होतंय? ती नुसती रडते.

मी बाहेर अंगणात येऊन बसले आहे. लिंबाच्या पलीकडं मोकळी जागा आहे.

अणदूर, ७ एप्रिल, सकाळ

सोनी,

हे पत्र आणि कालचं अर्धवट पत्र शंकरप्पाकाकांच्या हातात देते आहे. तीच जीप आहे, तेच काका, फक्त कानानं थोडे कमी झालेत, त्यांच्याशी मोठ्यानं बोल. फोनवर तू माझं ऐकणार नाहीस, म्हणून कागद पाठवते. कागद मधेच ठेवून देता येत नाही, तुझी वाचायची सवय मला माहीत आहे, कढीपत्त्याच्या पुडीचा कागदसुद्धा शेवटपर्यंत वाचतेस.

काल संध्याकाळी मी गल्लीतल्या दोघातिघांना बोलावून अंगणात लिंबापलीकडं छप्पर घालून घेतलं. चार मेढी पुरल्या, वर बांबू, वर उसाचं पाचट, तिन्ही बाजूंनी ताट्या. खाली शेणानं सारवलंय. एक बाज मावते, एक घागर. आज सकाळी पुजून नारळ फोडला, म्हणजे ते घरापासून वेगळं छप्पर झालं. आता आईचं तोंड बंद आहे. एका छपराखाली दोघी नकोत ना? मग छपरं दोन.

पाचट बांधून होईपर्यंत मला फार अभिमान वाटत होता. आयुष्यात एक गोष्ट तुझ्याआधी मला सुचली. बाहेर जाऊन दोनदा बघून आले. आई दारात उभी होती. म्हणाली, 'सोनीबी हेच म्हनत होती.' म्हटलं, कधी? म्हणाली, त्या वर्षी, वणव्याच्या दिवसांत. 'ताट सारून द्यायची. म्हनायची, मी गोट्यात झोपते, गोट्याचं छप्पर येगळं हाय, अक्काला आना. रोज म्हनायची. म्या म्हनलं, पहिलटकरीण गोट्यात झोपती का कुटं? लोक शेण घालतील माज्या तोंडात. अक्काला सांगू नगो म्हनली, ती तुज्यावर रागवंल म्हनली.'

रडले का, विचारशील. रडले. पण खरं सांगते, त्यातही एक थेंब दुसराच होता. की हेसुद्धा आधी तुलाच सुचलं होतं. आणि इतकी वर्षं माझ्या शिव्या खाऊन तू ते पोटात ठेवलंस, ब्लॉक केलंस पण तोंडातून काढलं नाहीस. एवढं चांगलं असू नये माणसानं, सोनी. मागच्याला चालायला जागा उरत नाही.

डॉक्टरीणबाईंना सकाळी फोन केला. म्हणाल्या, आधी तिथून निघा, बाकीचं नंतर. आत्याबाई ओला पदर बांधायला सांगतील, त्यानं हा धूर अडत नाही. काकांजवळ मेडिकलमधून आणलेले जाड मास्क दिलेत, एक तू लाव, एक आत्याबाईंना, बारका शांभवीला तिच्या तोंडाला बसला तर. निघेपर्यंत आतल्या खोलीत दार-खिडक्या लावून बस. देवापुढं उदबत्ती नको, चूल नको. आत्याबाईंनाही जीपमध्ये घाल, त्या म्हशींसाठी थांबते म्हणतील, म्हशींचं हे बघतील. ह्यांना म्हणावं, कोण भाजलं, कोण नाही ते दर तासाला कुणाकडून तरी मला कळवत जा. मागच्यासारखं मला टांगून ठेवू नका.

आणि माझा नंबर सोड आता. वाटेत येडशीच्या पुढं रेंज मिळेल, तेव्हा मला मिस कॉल दे. तेवढा आवाज मला पुरे.

आई इकडं कामाला लागलीय. लसूण सोलतेय. धपाटे. मी समोर बसले आहे हे तिला दिसतही नाही. दर वाक्याला विचारते, जीप कुठवर गेली आसंल. मला राग येतोय, आणि येऊ दे, तो काही एका दिवसात जायचा नाही. तू आलीस की आई तुझ्याच पायांना तेल लावणार, मल्हार शांभवीच्या मागं लागून मला विसरणार, आणि गल्लीतल्या बायका तुलाच बघायला येणार. सगळं मला आत्ताच दिसतंय. तरी ये.

फक्त एक ऐक. तू जीपमधून उतरलीस की लगेच म्हणशील, 'अक्का, तू घरात झोप, मी बाहेरच्या छपरात झोपते.' तसं म्हणू नकोस. माझी बाज मी सकाळीच तिथं नेऊन टाकली आहे. घरात तू झोप, आईजवळ, पंख्याखाली. पाचटाखाली मी झोपणार. यावर वाद घालायचा नाही. तू मला अणदूर दिलंस, आता एवढी एक गोष्ट मला तुला देऊ दे.

तुझी
अक्का